डोळ्यांची उघडझाप

आमच्या अंगणवाडीत आईला ओळखायचं काम मोबाईलकडे आहे. सबिहाताई तो हातभर लांब धरतात, पडद्यावर एक गोल येतो, त्या गोलात आपला चेहरा नीट बसवायचा, आणि मोबाईलच्या आतली बाई सांगते, ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ केली की गोल हिरवा होतो. मग दानूचं वजन घेतात, दंडाला पट्टी लावतात, आहाराची पाकिटं हातात देतात. गोल लाल झाला तर ह्यातलं काही होत नाही.

माझा गोल लाल होतो. अक्काचा हिरवा.

दानू, म्हणजे दानेश्वरी, माझी मुलगी आहे. मी जन्म दिलेली, माझ्या अंगावर पिणारी. आणि अक्का, म्हणजे महादेवी, माझी सख्खी थोरली बहीण, शिवाय जाऊ. आई गेल्यावर बाबांनी आम्हा दोघींना एकाच मांडवात दोघा भावांना दिलं. अक्काला थोरल्याला, जोतीरामदाजींना, आणि मला धाकट्याला, शिवराजला. अक्कलकोटकडच्या आमच्या गावात हे नवं नाही. एकीला एक धरून राहतील, भांडल्या तरी उपाशी झोपणार नाहीत, असं बाबांचं म्हणणं. अक्काला मूल झालं नाही. त्यावर घरात कुणी बोलत नाही, म्हणजे सासूबाई सोडून कुणी बोलत नाही.

राहतो आम्ही जुळे सोलापूरच्या मागच्या बाजूला, नवे फ्लॅट संपतात तिथल्या वस्तीत. फ्लॅटमधल्या बायका अंगणवाडीत येत नाहीत. मी त्यांच्या मुलांच्या संध्याकाळच्या शिकवण्या घेते, आणि तेवढा वेळ दानू अक्काकडे असते. शिवराज टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दाजी साखरेच्या हंगामात श्रीपूरला, कारखान्यावर. अक्काही दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर जाते आणि उन्हाळा लागला की परत येते. फक्त गेल्या हंगामात ती माझ्या बाळंतपणामुळं आणि तान्ह्या दानूमुळं इथंच राहिली.

हे चेहऱ्याचं सुरू झालं माझ्या बाळंतपणात. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण माहेरी करायला कोण? म्हणून ते इथंच झालं आणि सगळं अक्कानं केलं. सासूबाईंचा, काशम्मांचा, नियम कडक. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, दोन्ही वेळ ओव्याची धुरी. मी बी.कॉम. आहे, एमएससीआयटी झालेलं आहे, पण बाजेवर पडलेल्या बाईला पदवी नसते. मी आपली पडून राहिले.

त्या दिवसांतच सबिहाताईंना वरून निरोप आला. सगळ्या गरोदर बायांचे आणि पाजत्या आयांचे चेहरे अमुक तारखेच्या आत ॲपमध्ये लागले पाहिजेत, नाहीतर नाव आपोआप गळणार. त्या दारात आल्या, मोबाईल घेऊन आत यायलाही तयार होत्या. पण आमच्या पत्र्याच्या खोलीत मेसेज तेवढा येतो, नेटची रेंज येत नाही. रेंज येते समाजमंदिराच्या कट्ट्यावर, पाण्याच्या टाकीखाली, अंगणवाडी भरते तिथं. तिथवर मला सोडायला सासूबाई तयार नव्हत्या. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर ते ॲप निस्तरणार आहे का, असं त्यांनी विचारलं. नाव गेलं तर पुढं लसीला अडतं, शाळेला अडतं, असं सबिहाताई सांगत होत्या. दोघी दारात उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. शेवटी सासूबाईंनी तोड काढली.

“दोगी एका आईच्या लेकी. तोंड एकच हाय की,” त्या म्हणाल्या. “थोरली जाऊन यील. त्या डबड्याला काय कळतंय?”

डबड्याला खरंच कळलं नाही. माझ्या आधारवरचा फोटो दहावीतला. तेव्हा मी काटकुळी होते, गालफडं बसलेली, केस तेल लावून चापून बसवलेले. अक्का आजही तशीच आहे, आणि मी दानूच्या वेळी अंगानं भरले. ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. मी बाजेवरून आकडे सांगितले, शेजारच्या हुसेनबींनी ते दारातून कट्ट्यावर ओरडून पोचवले. गोल हिरवा झाला. रेश्मा शिवराज ह्या नावापुढं अक्काचा चेहरा लागला.

अक्का परत आली तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. तिनं डोळ्यांची उघडझाप कशी केली ते करून दाखवलं. मला टाके होते, हसवू नको म्हणाले.

सव्वा महिना झाला, देवाला जाऊन आले, आणि पहिल्यांदा दानूला घेऊन कट्ट्यावर गेले. गोल लाल. सबिहाताईंनी मला उजेडाकडे तोंड करायला लावलं, टिकली काढायला लावली, केस मागे घ्यायला लावले. लाल. ‘चेहरा जुळत नाही,’ आतली बाई म्हणाली. तिचा आवाज फार गोड आहे. सबिहाताईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी अक्काला बोलावून आणायला सांगितलं, ह्या वेळेपुरतं.

“बदलून टाका ना,” मी म्हणाले.

“मला कुठला अधिकार?” त्या म्हणाल्या. “एकदा चेहरा लागला की तो वरचा. माझापण रोज सकाळी घेतं. परवा चष्मा घातला म्हणून मला गैरहजर केलं. मी कट्ट्यावर, पोरं कट्ट्यावर, आणि मोबाईल म्हणतो बाई आली नाही.”

मी सोडून देणाऱ्यांतली नाही. सुपरवायझर मॅडमना भेटले. मॅडम चांगल्या बोलल्या, नाव लिहून घेतलं, वर मेल टाकते म्हणाल्या. मी स्वतः मेल टाकली, इंग्रजीत आणि मराठीत. उत्तर आलं की आपली विनंती मिळाली आहे. पुढं काहीच आलं नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला की एक दाबा, दोन दाबा, मग गाणं वाजायचं. मग मला वाटलं, मूळ आधारमध्येच आहे. तर जाऊन आधारवरचा फोटो नवा काढून घेतला. आता आधारवर मी आहे, ह्या गालांची, ह्या डोळ्यांची. पण ॲप आधारकडे पहिल्यांदा एकदाच बघतं म्हणे. त्यानंतर ते आपणच काढलेल्या पहिल्या फोटोकडे बघत राहतं. म्हणजे आधी निदान माझा जुना फोटो तरी अक्कासारखा होता. आता तोही दुवा तुटला.

नाव काढून पुन्हा घालायचं, हा शेवटचा उपाय. त्याला सबिहाताईच घाबरल्या. पलीकडच्या वस्तीत एकीचं तसं केलं, तर नाव निघालं आणि परत बसेना. ह्या आधारची नोंद आधीच आहे म्हणतं, आणि शोधलं तर कुठंच सापडत नाही. तिचं लेकरू इथंही नाही आणि तिथंही नाही. “तुमचं निदान दिसतंय तरी,” सबिहाताई म्हणाल्या.

म्हणून मग दर महिन्याला अक्का जाऊ लागली.

पहिल्या महिन्यांत ती कुरकुरायची. भाकरी थापता थापता उठून यायची, हाताला पीठ तसंच. चेहरा दाखवायची आणि दानूला माझ्याकडे देऊन परत चुलीकडे जायची. मी सोबत असायचेच. मला घरी बसवत नव्हतं. मग एका महिन्यात तिनं हात धुऊन, साडी बदलून घेतली. पुढच्या महिन्यात दानूला काजळ लावलं, टोपडं घातलं, ते मी काढून ठेवलेलं नव्हे, तिनं स्वतः शिवलेलं. वजनकाट्यावर दानूला तीच ठेवू लागली. एकदा रांगेतल्या एका नव्या बाईनं विचारलं, केवढी झाली, तर अक्का म्हणाली, आमची आता दात काढतीय, म्हणून चिडचिड करतीय. ‘आमची’ म्हणण्यात वावगं काही नाही. मावशी म्हणू शकते, मोठी काकू म्हणू शकते. मी मागं उभी होते आणि मला ते ऐकू आलं, एवढंच.

मला सगळं ऐकू येतं, सगळं दिसतं. शिवराज म्हणतो हा मला आजार आहे. दानू शिंकली तरी मी उठून बसते, कुणी तिच्याकडे जास्त वेळ बघितलं तरी मीठ-मोहऱ्या ओवाळते, शिकलेली असून. त्यामुळं अक्का तिच्याकडे कसं बघते हेही मला दिसत होतं. आणि अक्काला मी बघतेय हे दिसत होतं.

हुसेनबींनी एकदा पाणी भरताना सगळ्यांदेखत म्हटलं, “महादेवी, अल्ला नै दिया तो मोबाईल दिया देखो तेरेकू.” सगळ्या हसल्या. अक्काही हसली. तिची कळशी भरून वाहत होती तरी तिनं नळ बंद केला नाही.

मी मनाशी ठरवलं होतं की दिवाळीच्या आत हे मिटवायचं. दिवाळी झाली की दाजी श्रीपूरला निघणार, अक्का त्यांच्याबरोबर जाणार, आणि चेहरा तिच्याबरोबर जाणार. मग दानूचं काय? मला ते कसं मिटवायचं हे माहीत नव्हतं, पण तारीख असली की माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय.

त्याच्या आधीच दानू आजारी पडली.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्या वेळी ते गढूळ आलं होतं. मी उकळूनच देते, तरी कुठून गेलं कोण जाणे. आधी जुलाब, मग ताप, मग दोन्ही थांबलं आणि तिनं खाणंच सोडलं. वर्ष उलटलेलं लेकरू, नुकतं भिंत धरून चालायला लागलेलं, ते मांडीवरून उतरेना. मांड्यांची कातडी लोंबायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. मी पाजत होते, तेवढंच तिच्या पोटात जात होतं.

सबिहाताईंनी दंडाला पट्टी लावली. ती पट्टी हिरवी, पिवळी, लाल अशी असते. त्यांनी ती सैल करून परत लावली, आणि परत लावली, मग माझ्याकडे न बघता मोबाईलवर काहीतरी भरायला लागल्या. शहराबाहेर अशा मुलांसाठीचं एक केंद्र आहे, तिथं खाट मिळेल, असं त्या म्हणाल्या. बाळ आणि आई, दोघांनी दोन आठवडे राहायचं. औषध घातलेलं दूध देतात, तासातासाला. ॲपवरूनच पाठवायचं, ॲपवरूनच खाट राखली जाते. त्यांनी बोटानं दाबलं, आणि खाट मिळाली. एवढ्या लवकर मिळाली की मला त्या मोबाईलबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

“अक्कांना बरोबर न्या,” सबिहाताई हळूच म्हणाल्या. “असावं.”

शिवराजनं रिक्षा आणली. दानू माझ्या मांडीवर, अक्का शेजारी, शिवराज पुढं ड्रायव्हरजवळ.  दानूचं डोकं माझ्या हातात होतं आणि टाळू आत गेलेली बोटाला लागत होती.

केंद्र नवं होतं, स्वच्छ, भिंतींवर ससे आणि हत्ती काढलेले. टेबलाशी एक मुलगी बसली होती, टॅब घेऊन. तिनं नाव विचारलं, यादीत दानेश्वरी दिसली, तिनं मान हलवली. मग म्हणाली, आईनं समोर यावं. मी गेले. आमच्या अंगणवाडीतली तीच गोड आवाजाची बाई ह्या टॅबमध्येही होती. डोळ्यांची उघडझाप केली. लाल झालं. मुलीनं खुर्ची सरकवली, खिडकीचा पडदा ओढला, पुन्हा घेतलं. मी आधार पुढं केलं, जन्माचा दाखला पुढं केला.

“ताई, कागद सगळे बरोबर आहेत तुमचे,” ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, दिसत होतं. “पण चेहरा दुसरा आहे इथं.” आणि तिनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. “ह्या कोण?”

मी सगळं सांगायला सुरुवात केली. शेगडी, सव्वा महिना, रेंज, टाकी. सांगताना मला कळत होतं की हे खोटं वाटतंय. तिनं मध्येच उठून आतून डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या माझ्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. त्यांनी आधी दानूला बघितलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर खाली बसली नाही. मग माझं ऐकून घेतलं, पूर्ण. मला बोलू दिलं ह्याचं मला आजही बरं वाटतं.

“मला पटलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पटण्यानं खाट उघडत नाही. आईचा चेहरा लागला की खाट सुरू होते, त्याशिवाय दूध निघत नाही, औषध निघत नाही. हे रद्द केलं तर अंगणवाडीतून पुन्हा पाठवायला लागेल, आणि तिथंही तोच चेहरा आहे. एवढे दिवस हिच्याकडे नाहीत.”

शिवराज पुढं झाला. तो म्हणाला मी बाप आहे, माझा घ्या. मुलगी म्हणाली बापाचा चेहरा मागतच नाही. तो माणूस घरात कधी आवाज चढवत नाही. तिथं त्याचा आवाज चढला, मग भिंतीवरच्या सशाकडे बघत तो बाकावर जाऊन बसला.

अक्का मागं सरकत सरकत दारापर्यंत गेली होती.

“मी न्हाई जायची आत,” ती म्हणाली. “लेक तिची हाय. तिला सोडा, न्हाईतर आमी दुसरीकडं जातो.”

दुसरीकडं कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. दानूनं मान माझ्या दंडावर टाकलेली, डोळे अर्धे उघडे, रडायचंसुद्धा बंद केलेलं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या; त्या सांगणार नव्हत्या, मीच सांगायचं होतं.

मी दानूला अक्काच्या हातात दिलं.

“जा, अक्का,” मी म्हणाले. “तुझा चेहरा दाखव.”

गोल हिरवा झाला. दानूच्या मनगटात पट्टा बांधला, त्यावर आईचं नाव माझं. अक्काच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं, त्यावरही नाव माझं, फोटो तिचा. आतल्या दाराला कुलूप नव्हतं, एक काळी चौकट होती, अक्का समोर उभी राहिली आणि दार आपोआप सरकलं. ती आत जाताना वळून बघत होती, तेवढ्यात ते बंदही झालं.

आम्हाला संध्याकाळी एक तास मिळायचा. माझ्या चिठ्ठीवर नातं लिहिलेलं असायचं: मावशी. पहिल्या दिवशी मी त्या टेबलाजवळच्या मुलीला म्हणाले, दुसरं काहीतरी लिहा. ती म्हणाली, ताई, ह्यात आईचा पर्याय एकदाच येतो, तो भरलाय.

डॉक्टरबाईंनी एक सोय केली. त्या तासात पडद्याआड मला पाजू द्यायच्या. बाकीच्या तेवीस तासांचं काय, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी समोरच्या झाडाखाली बसून राहायचे. ब्लाऊज ओला व्हायचा, पदर घट्ट ओढून घ्यायचे. खाटेजवळच्या तक्त्यावर मी एकदा वाचलं, ‘आईला दूध येत नाही.’ अक्काला नर्सबाईंनी विचारलं असणार, आणि तिनं दुसरं काय सांगावं? तिला मेथीचे लाडू खायला सांगितले होते. बाळाला छातीशी धरून बसा, येईल, असंही सांगितलं होतं. ती धरून बसायची. मी काचेतून बघितलं आहे.

आणि एकदा असं झालं, संध्याकाळचा तास चालू होता, आतून नर्सबाईंनी हाक मारली, “रेश्मा, दूध घेऊन जा.” मी उठले. अक्का माझ्या आधी उठली होती. “आले,” ती म्हणाली. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. वाटी हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी होती. दूध गार व्हायला लागलं तशी मीच म्हणाले, पाज आधी.

दानू सुधारली. हे मला आधी सांगायला हवं होतं, सगळ्यात मोठं तेच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं वाटी ओढून घेतली. मग रडायला लागली, जोरात, आणि नर्सबाया हसल्या, आता बरी होणार म्हणाल्या. मग एका संध्याकाळी ती माझ्याकडे बघून डोळे घट्ट मिटून उघडायला लागली. मिटायची, उघडायची आणि वाट बघायची. मला कळेना. अक्का म्हणाली, दाराशी दिवसातून कितीदा तरी करावं लागतं, ती शिकलीय. मी पण तिच्याकडे बघून डोळे मिटले, उघडले. ती खूश झाली नाही. काहीतरी व्हायला हवं होतं आणि झालं नाही, असं तोंड केलं.

घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आधी दानूवरून, मग अक्कावरून. मग पितळी बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलली, माझ्यावरूनही ओवाळला. ज्यांनी लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही म्हणून अक्काला पाण्यात पाहिलं, त्याच आता तिच्या ताटात साय वाढतात. “तिला दुखलं-खुपलं तर पोरीचं कसं व्हायचं?” म्हणतात. सरळ मनानं म्हणतात. त्यांना त्यात काही वाकडं दिसत नाही.

केंद्रातून सांगून पाठवलंय की दर पंधरवड्याला अंगणवाडीत वजन व्हायला हवं, चुकलं तर नाव यादीतून गळेल, आणि दानू अजून काठावर आहे. दिवाळी झाली. दाजींनी ट्रंक काढली, अक्काच्या साड्या त्यात घातल्या होत्या, त्या त्यांनीच एकेक करून बाहेर काढून ठेवल्या. ते कमी बोलतात. “हंगाम संपंस्तोवर मी येकटा बघतो माजं,” एवढंच म्हणाले, आणि एसटी पकडायला निघून गेले. अक्का दारापर्यंतही गेली नाही. दानू तिच्या मांडीवर झोपली होती, हलली तर जागी होईल म्हणाली.

मी त्या साड्या घडी करून परत कपाटात ठेवत होते. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, “रेश्मे, तुला वाटत असंल की मला बरं वाटतंय.”

मी पुढची साडी घडीला घेतली.

“वाटतंय,” अक्का म्हणाली. “मी काय करू, सांग.”

 ती गेली असती तर मी श्रीपूरपर्यंत पाय धरायला गेले असते. ती राहिली आणि मला त्या खोलीत बसवत नव्हतं. मी घडी घातलेली साडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

सुपरवायझर मॅडमची बदली झाली. नव्या मॅडमना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यांनी नाव लिहून घेतलं. मेलचं उत्तर आलंय, आपली विनंती निकाली काढण्यात आली आहे. सेवेबद्दल मत नोंदवा, म्हणून पाच तारेही आलेत. मी तारे दाबले नाहीत. शिवराज म्हणतो शाळेत नाव घालेपर्यंत हे सगळं बदललेलं असेल, नवं काहीतरी येईल. हो, नवं येईल. ते जुन्याकडूनच फोटो घेईल, एवढं मला एमएससीआयटीतही शिकवलं होतं.

काल पंधरवडा भरला. आम्ही तिघी कट्ट्यावर गेलो. थंडीचं ऊन टाकीच्या एका बाजूनं येत होतं, बाकी सगळी सावली. दानू चालत गेली, एक हात अक्काच्या हातात, एक माझ्या. दंडाची पट्टी आता पिवळ्यात आहे, सबिहाताईंनी मला मुद्दाम जवळ बोलावून दाखवली, बोट ठेवून, इथून इथं आलीय बघा. त्या माझ्याशी आता जरा जास्तच चांगल्या वागतात.

मग त्यांनी मोबाईल लांब धरला. अक्कानं दानूला कडेवर घेतलं आणि गोलात तोंड बसवलं. मी दोघींच्या मागं होते, अक्काच्या खांद्यावरून माझ्याकडे बघणाऱ्या दानूचं टोपडं सरळ करत. आतली बाई काही बोलेना. सबिहाताईंनी मोबाईल हलवला, पुसला, पुन्हा धरला. पडद्यावर काहीतरी आलं, ते त्यांनी वाचलं आणि वर न बघताच म्हणाल्या, “रेश्माताई, जरा बाजूला होता का? दोन चेहरे येतायत.”

मी टोपड्यावरचा हात काढला आणि टाकीच्या सावलीत जाऊन उभी राहिले.